काकुएई तनाका : न्यायालयाचा कौल आणि निगाताचा कौल

१२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना लाच घेतल्याबद्दल चार वर्षांचा कारावास ठोठावला आणि लाचेच्या रकमेइतकेच, म्हणजे ५० कोटी येन सरकारजमा करण्याचा आदेश दिला. विरोधी पक्षांनी त्यांच्या खासदारकीच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली, संसदेचे कामकाज ठप्प झाले आणि पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांना कनिष्ठ सभागृह बरखास्त करून निवडणुकीला सामोरे जावे लागले. १८ डिसेंबरला मतदान झाले. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची देशभर पीछेहाट झाली. ५११ जागांच्या सभागृहात पक्ष २५० वर थांबला. निगाता प्रांताच्या तिसऱ्या मतदारसंघाचा निकाल मात्र याच्या नेमका उलट होता. तेथे अपक्ष म्हणून उभे असलेल्या तनाकांना २ लाख २० हजार ७६१ मते पडली. छत्तीस वर्षांच्या संसदीय कारकिर्दीत एवढी मते त्यांना पूर्वी कधीही मिळालेली नव्हती. भ्रष्टाचाराच्या निषेधार्थ वरिष्ठ सभागृहातील आपली जागा सोडून त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले प्रख्यात लेखक अकियुकी नोसाका पराभूत झाले.

दूरवरून पाहणाऱ्याला या निकालाचा अर्थ सहज लावता येतो. मतदार विकले गेले, किंवा त्यांना नीतीची चाड नव्हती, असे म्हटले की प्रश्न मिटतो. परंतु निगाताचे मतदार निरक्षर नव्हते. खटल्याचा तपशील सात वर्षे रोज वृत्तपत्रांत छापून येत होता आणि तो त्यांनी वाचलेला होता. न्यायालयाने एका विशिष्ट व्यवहाराचा निवाडा केला होता. निगाताने त्या व्यवहारापलीकडच्या एका दीर्घ हिशेबाचा. हे दोन्ही कौल एकाच माणसाबद्दल होते आणि दोन्ही आपापल्या जागी समर्थनीय होते, हीच तनाकांच्या चरित्रातील खरी अडचण आहे. राज्यकारभाराशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांनी हे चरित्र पाहावे ते याच कारणासाठी.

बर्फाखालचा जपान

होन्शू बेटाच्या मधोमध गेलेल्या पर्वतरांगेने जपानचे दोन भाग पाडले आहेत. पॅसिफिक महासागराच्या बाजूला टोकियो, नागोया, ओसाका ही उद्योगनगरे आहेत. दुसऱ्या बाजूला, जपानच्या समुद्राकाठी, हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे बाष्प घेऊन डोंगरांवर आदळतात आणि निगाताच्या डोंगराळ भागात तीन-चार मीटर बर्फ साचतो. गावेच्या गावे महिनोन्‌महिने जगापासून तुटतात. आजाऱ्याला पाठीवर वाहून न्यावे लागे. शेती एकाच हंगामाची. हिवाळ्यात पुरुष मजुरीसाठी टोकियोला जात आणि मुली कापडगिरण्यांत. या किनाऱ्याला ‘उरा निहोन’, म्हणजे जपानची मागची बाजू म्हटले जाई. त्या शब्दात भूगोलापेक्षा हेटाळणीच अधिक होती.

४ मे १९१८ रोजी याच प्रांतातील फुतादा या खेड्यात तनाकांचा जन्म झाला. हे गाव आज काशिवाझाकी शहराचा भाग आहे. वडील गुराढोरांचे आणि घोड्यांचे व्यापारी. धाडसी, पण व्यवहारात बुडालेले. घर आईच्या शेतातील कष्टांवर चाले. लहानपणी काकुएई तोतरे बोलत. पुढे ज्यांच्या सभांना हजारोंची गर्दी लोटे, त्या वक्त्याने आधी स्वतःच्या जिभेवर विजय मिळवला होता. प्राथमिक शाळेचे वरचे वर्ग संपताच त्यांचे औपचारिक शिक्षण थांबले आणि १९३४ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते टोकियोला आले. दिवसा बांधकामाच्या कचेरीत काम आणि रात्री तंत्रशाळा असा क्रम ठेवून त्यांनी स्थापत्याचे शिक्षण पुरे केले. सैन्यात भरती होऊन ते मांचुरियात गेले. फुप्फुसाच्या आजारामुळे १९४१ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आले. १९४२ मध्ये हाना साकामोतो यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची बांधकाम कंपनी उभी केली.

युद्ध संपले तेव्हा हातात पैसा होता आणि वय सत्तावीस होते. १९४६ च्या निवडणुकीत ते हरले. एप्रिल १९४७ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवडून आले. त्या काळातील त्यांच्या भाषणातील एक विनोद जपानमध्ये आजही सांगितला जातो. निगाता आणि टोकियो यांच्यामध्ये उभा असलेला मिकुनीचा डोंगर सुरुंगाने उडवून द्यावा, म्हणजे बर्फाचे वारे थेट पॅसिफिककडे निघून जातील आणि उरलेली माती समुद्रात टाकून सादो बेट मुख्य भूमीला जोडता येईल, असे ते सभांत म्हणत. लोक हसत आणि टाळ्या वाजवत. पण विनोदाच्या आत एक राजकीय सूत्र होते. निगाताचे दारिद्र्य दैवाने आलेले नाही, ते पैशाने आणि यंत्राने दूर करता येते, हे सूत्र त्यांच्यापूर्वी या खेड्यांना कोणी सांगितले नव्हते.

कारकिर्दीच्या प्रारंभीच त्यांच्यावर किटाळ आले. कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकासंबंधी लाच घेतल्याच्या आरोपावरून डिसेंबर १९४८ मध्ये त्यांना अटक झाली. जानेवारी १९४९ ची निवडणूक त्यांनी कोठडीत असताना जाहीर केलेल्या उमेदवारीवर लढवली आणि जिंकली. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, पण १९५१ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. आरोप, निवडणूक आणि विजय ही साखळी निगाताला १९८३ पूर्वीच परिचित होती.

कायदा करणारा ठेकेदार

तनाकांना केवळ पैसे वाटणारा पुढारी समजणे ही मोठी चूक ठरेल. जपानी संसदेत बहुतांश विधेयके मंत्रालयांतील अधिकारी तयार करतात. खासगी सदस्याने विधेयक मांडून ते मंजूर करून घेणे दुर्मिळ असते. तनाकांच्या नावावर अशी तेहतीस विधेयके नोंदली जातात. वास्तुविशारदांच्या परवान्याचा १९५० चा कायदा आणि सार्वजनिक गृहनिर्माणाचा १९५१ चा कायदा यांच्यामागे त्यांचा हात होता. सर्वांत दूरगामी ठरला तो १९५३ चा कायदा. पेट्रोलवरील कराचे उत्पन्न केवळ रस्तेबांधणीसाठी राखून ठेवण्याची तरतूद त्याने केली. अर्थखात्याचा याला विरोध होता, कारण एखाद्या कराचे उत्पन्न एका कामाला बांधून टाकले की अर्थसंकल्पावरची पकड सुटते. कायद्याच्या नावातच ‘तात्पुरत्या उपाययोजना’ असा शब्दप्रयोग होता. ही तात्पुरती व्यवस्था २००९ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. तिच्या बळावर जपानचे रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांभोवती ठेकेदार, अधिकारी आणि खासदार यांचे त्रिकूटही घट्ट झाले.

याच १९५३ साली ‘एत्सुझानकाई’ ही त्यांची समर्थक संघटना आकाराला आली. तिचे महत्त्व समजण्यासाठी तेव्हाची निवडणूक पद्धत ध्यानात घ्यायला हवी. एका मतदारसंघातून साधारणतः तीन ते पाच खासदार निवडले जात, मतदाराला मत मात्र एकच असे. त्यामुळे एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे राहत आणि पक्षाच्या नावावर मते मागणे निरर्थक होई. प्रत्येकाला स्वतःचे जाळे विणावे लागे. तनाकांनी ते गावपातळीपर्यंत विणले. गावाला पूल हवा, बोगदा हवा, बर्फ हटवण्याचे यंत्र हवे, तर अर्ज संघटनेच्या शाखेकडे जाई. तेथून तो टोकियोतील तनाकांच्या कचेरीत आणि मग संबंधित मंत्रालयात. कोणत्या गावाने किती मते दिली, याचा हिशेब अर्जाच्या क्रमवारीत दिसे. ऐन भरात संघटनेची सदस्यसंख्या सुमारे ९५ हजार होती. स्थानिक बांधकाम कंपन्या निवडणुकीत राबत, कामे त्यांना मिळत आणि त्या कामांवर गावातील माणसांना हिवाळ्यात रोजगार मिळे. टोकियोला मजुरीला जाणारा बाप आता घरी राहू शकत होता. मतदाराच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी गोष्ट होती.

पदवीवंतांच्या खात्यात

१९५७ मध्ये नोबुसुके किशी यांच्या मंत्रिमंडळात तनाका एकोणचाळिसाव्या वर्षी टपाल व दूरसंचार मंत्री झाले. दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने त्यांनी धडाक्याने मोकळे केले आणि खेडोपाडीच्या टपाल कार्यालयांचे जाळे वाढवण्यावर भर दिला. गावातील प्रतिष्ठित पोस्टमास्तर हा पुढे सत्ताधारी पक्षाचा भरवशाचा प्रचारक ठरला. टपाल बचतीत गोळा होणारा पैसा सरकारी गुंतवणूक योजनेमार्फत महामार्ग आणि सार्वजनिक महामंडळांकडे वळे.

१९६२ मध्ये हायातो इकेदा यांनी त्यांना अर्थमंत्री केले, तेव्हा जपानी नोकरशाहीला धक्का बसला. त्या पिढीचे नेतृत्व माजी सनदी अधिकाऱ्यांचे होते. किशी व्यापार खात्यातून आले होते, इकेदा अर्थखात्यातून, एसाकु सातो रेल्वे खात्यातून. तनाकांचे पुढचे प्रतिस्पर्धी ताकेओ फुकुदा हेही अर्थखात्याचेच, टोकियो विद्यापीठाचे पदवीधर. त्या खात्याच्या सर्वोच्च खुर्चीत चव्वेचाळीस वर्षांचा, प्राथमिक शिक्षण घेतलेला ठेकेदार येऊन बसला. पहिल्याच दिवशी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे केलेले भाषण प्रसिद्ध आहे. आपले शिक्षण किती, हे त्यांनी स्वतःच सांगितले. तुम्ही देशातील निवडक बुद्धिमंत आहात, निःसंकोचपणे काम करा, जबाबदारी मी घेईन, असा त्याचा आशय होता. अधिकाऱ्यांची नावे, त्यांचे सेवाप्रवेशाचे वर्ष आणि घरची सुखदुःखे ते पाठ ठेवत. मंत्री असताना त्यांनी खात्याला शिस्त लावण्याचा आव आणला नाही आणि खात्याच्या ताब्यातही ते गेले नाहीत. ‘संगणक बसवलेला बुलडोझर’ हे बिरुद त्यांना लागले ते यामुळेच. आकडे मुखोद्गत आणि निर्णय तत्काळ.

मे १९६५ मध्ये यामाइची सिक्युरिटीज ही बडी दलाली कंपनी कोसळण्याच्या बेतात होती आणि ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. बँकांचे प्रमुख चर्चा लांबवत असताना तनाकांनी बँक ऑफ जपानकडून विनातारण विशेष कर्ज देण्याचा निर्णय घडवून आणला आणि धास्ती ओसरली. १९७१ मध्ये व्यापार व उद्योगमंत्री म्हणून त्यांनी अमेरिकेशी दीर्घकाळ रखडलेला कापड निर्यातीचा तंटा मिटवला. निर्यातीवर मर्यादा स्वीकारायची आणि नुकसान सोसणाऱ्या गिरणीवाल्यांना सरकारी तिजोरीतून भरपाई द्यायची, असा तो तोडगा होता. प्रश्न कोणताही असो, त्याची किंमत ठरवायची आणि ती चुकती करायची, ही त्यांची कार्यपद्धती दोन्ही प्रसंगांत दिसते.

चोपन्नाव्या वर्षी पंतप्रधान

जून १९७२ मध्ये ‘जपानी द्वीपसमूहाच्या पुनर्रचनेचा आराखडा’ हे तनाकांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखनात व्यापार खात्यातील अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. लोकसंख्या आणि कारखाने पॅसिफिकच्या पट्ट्यातून हलवून मागास प्रदेशांत न्यावेत आणि द्रुतगती रेल्वे व महामार्गांनी सारा देश एका दिवसाच्या टप्प्यात आणावा, ही त्यातील मुख्य कल्पना. एका राजकारण्याच्या नियोजनविषयक पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. ५ जुलैला पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत तनाकांना १५६ आणि फुकुदांना १५० मते पडली. दुसऱ्या फेरीत तनाकांनी २८२ विरुद्ध १९० अशी बाजी मारली. या निवडणुकीत पैशाचा पाऊस पडल्याचे तेव्हाही उघड बोलले जात होते. तरीही देश हर्षभरित होता. सोळाव्या शतकात शेतकऱ्याच्या घरातून राज्यकर्ता झालेल्या हिदेयोशीशी त्यांची तुलना होऊ लागली.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस पंतप्रधान झाल्यावर तीन महिन्यांच्या आत गाठला गेला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जपानला विश्वासात न घेता चीनशी संधान बांधल्यामुळे टोकियो दुखावले होते. स्वपक्षातील तैवानसमर्थकांचा रोष पत्करून तनाका परराष्ट्रमंत्री मासायोशी ओहिरा यांच्यासह २५ सप्टेंबर १९७२ रोजी बीजिंगला गेले. पहिल्याच मेजवानीत त्यांनी युद्धाविषयी खेद व्यक्त करताना वापरलेला शब्द चिनी भाषांतरात किरकोळ गैरसोयीसाठी वापरला जाणारा ठरला आणि यजमान नाराज झाले. वाटाघाटी तुटतात की काय, या विवंचनेत ओहिरा आणि अधिकारी जेवणही गोड करून घेईनात. तेव्हा तनाकांनी, अशा वेळी विद्यापीठात शिकलेले लोक उपयोगी पडत नाहीत, अशी चेष्टा करून वातावरण हलके केले आणि मसुदा मात्र तुम्हीच शोधा, असे बजावले, अशी आठवण सांगितली जाते. चौ एन-लाय यांच्याशी २९ सप्टेंबरला संयुक्त निवेदनावर सह्या झाल्या. चीनने युद्धभरपाईचा दावा सोडला, जपानने तैवानशी राजनैतिक संबंध संपवले. महिन्याभरात दोन पांडा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात दाखल झाले.

घसरण तितक्याच वेगाने झाली. पुनर्रचनेच्या आराखड्यात ज्या गावांची नावे होती तेथील जमिनी सट्टेबाजांनी आधीच विकत घेतल्या. जमिनींचे भाव एका वर्षात तीस टक्क्यांहून अधिक वाढले. १९७३ मध्ये सत्तर वर्षांवरील वृद्धांसाठी मोफत औषधोपचार सुरू झाले, पण ऑक्टोबरमध्ये तेलसंकट कोसळले. १९७४ मध्ये ग्राहक किमती वीस टक्क्यांहून अधिक वाढल्या. प्रसाधनगृहातील कागदासाठी दुकानांत झुंबड उडाली. अर्थमंत्री किइची आइची यांचे नोव्हेंबर १९७३ मध्ये निधन झाल्यावर तनाकांना कट्टर प्रतिस्पर्धी फुकुदांनाच अर्थखाते द्यावे लागले आणि फुकुदांनी पहिला घाव घातला तो त्या आराखड्यावर. जानेवारी १९७४ मध्ये तनाका आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर गेले असता बँकॉक आणि जकार्ता येथे जपानविरोधी निदर्शने झाली. जकार्तात दंगल उसळली.

नोंदवहीतून निघालेले सत्य

ऑक्टोबर १९७४ मध्ये बाजारात आलेल्या ‘बुंगेई शुंजू’ मासिकाच्या अंकात ताकाशी ताचिबाना या चौतीस वर्षांच्या पत्रकाराचा तनाकांच्या अर्थसंबंधांवरील लेख आला. त्यात गुप्त भेटी नव्हत्या, फुटलेले अधिकारी नव्हते. जमिनींच्या नोंदी, कंपन्यांची निबंधकांकडील कागदपत्रे आणि राजकीय निधीची विवरणपत्रे एकमेकांशी ताडून, नावापुरत्या कंपन्यांनी जमिनी स्वस्तात घेतल्या, मग सरकारी प्रकल्प आले आणि भाव वाढले, हे त्यांनी मांडले होते. शिनानो नदीच्या पात्रातील नागाओकाजवळची जमीन हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच अंकात ताकाया कोदामा यांनी एत्सुझानकाईच्या आर्थिक व्यवहारांच्या सूत्रधार आकी सातो यांच्यावर लिहिले होते. टोकियोतील राजकीय वार्ताहरांची पहिली प्रतिक्रिया, हे तर आम्हाला ठाऊकच होते, अशी होती. प्रमुख वृत्तपत्रे प्रथम गप्प राहिली. २२ ऑक्टोबरला विदेशी पत्रकारांच्या क्लबमध्ये तनाकांवर या लेखाविषयी प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा कुठे ती बातमी ठरली. ९ डिसेंबर १९७४ रोजी तनाका मंत्रिमंडळ पायउतार झाले.

लॉकहीड प्रकरण त्यानंतरचे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढील सुनावणीत, विमाने खपवण्यासाठी लॉकहीड कंपनीने जपानमध्ये पैसे वाटल्याचे उघड झाले. ऑल निप्पॉन एअरवेजने ट्रायस्टार विमाने घ्यावीत म्हणून मारुबेनी या व्यापारी कंपनीमार्फत तनाकांना ५० कोटी येन चार हप्त्यांत पोचवले गेले, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. २७ जुलै १९७६ रोजी त्यांना अटक झाली. ज्यांच्या कारकिर्दीत ती झाली, ते पंतप्रधान ताकेओ मिकी हे त्यांच्याच पक्षाचे होते. चीनशी परस्पर सलोखा केल्याचा अमेरिकेने उगवलेला सूड, असा एक तर्क जपानमध्ये अजूनही लोकप्रिय आहे. त्याला भक्कम पुराव्याचा आधार नाही.

पडद्यामागचा शोगुन

अटकेनंतर तनाकांनी पक्षाचा राजीनामा दिला. येथून त्यांच्या सत्तेचा सर्वांत विलक्षण अध्याय सुरू होतो. जो माणूस पक्षाचा सदस्यही नव्हता, त्याचा गट पक्षातील सर्वांत मोठा गट होता आणि आरोपी असतानाही तो वाढत राहिला. ऐन भरात त्यात एकशे चाळीसवर खासदार होते. १९७८ मध्ये ओहिरा, १९८० मध्ये झेंको सुझुकी आणि १९८२ मध्ये नाकासोने पंतप्रधान झाले ते तनाकांच्या पाठबळावर. नाकासोने यांच्या मंत्रिमंडळाला वृत्तपत्रांनी दोन्ही नावे जोडून ‘तनाकासोने’ म्हटले. टोकियोच्या मेजिरो भागातील निवासस्थानी रोज सकाळी अर्जदारांची रांग लागे. प्रत्येकाला काही मिनिटे मिळत. होईल की नाही हे तेथल्या तेथे सांगितले जाई. खासदारांनी या गटात यावे याचे कारण निष्ठा हे जितके होते, तितकेच हेही होते की कोणत्याही खात्यातील काम तेथे होत असे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये निगाताची शिंकान्सेन रेल्वे धावू लागली. डोंगर सुरुंगाने उडवून देण्याचा तो जुना विनोद २२ किलोमीटरहून लांब अशा दाई-शिमिझू बोगद्याच्या रूपाने खरा झाला. हिवाळ्यात बर्फाखाली गडप होणारा प्रांत राजधानीपासून दोनेक तासांच्या अंतरावर आला. त्यानंतर वर्षभराने न्यायालयाचा निकाल आला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मतदान. आरंभी सांगितलेली २ लाख २० हजार ७६१ मते या क्रमात ठेवून पाहिली, म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. टोकियोची वृत्तपत्रे ज्याला भ्रष्टाचार म्हणत होती, त्यालाच निगाताचे गावकरी शतकभराच्या उपेक्षेची भरपाई समजत होते. राजधानीने आपल्या माणसाला धडा शिकवायचे ठरवले आहे, असे वाटल्यावर त्यांनी राजधानीला उत्तर दिले.

शेवट विरोधकांनी केला नाही, शिष्यांनी केला. गटाचा स्वतःचा पंतप्रधान होऊ न देता इतरांना गादीवर बसवत राहण्याच्या धोरणाने गटातील महत्त्वाकांक्षी माणसे अस्वस्थ होती. ७ फेब्रुवारी १९८५ रोजी नोबोरु ताकेशिता यांनी गटातच स्वतंत्र अभ्यासमंडळ स्थापन केले. तीनच आठवड्यांत, २७ फेब्रुवारीला, तनाकांना पक्षाघात झाला. ज्या वाणीवर सारी इमारत उभी होती, तीच गेली. १९८६ च्या निवडणुकीत एकही सभा न घेता ते पुन्हा निवडून आले. पण १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळले, गटाचा मोठा भाग ताकेशितांमागे गेला आणि ते पंतप्रधान झाले. १९९० ची निवडणूक तनाकांनी लढवली नाही. १९९२ मध्ये चीनने त्यांना सन्मानाने बोलावले आणि चाकाच्या खुर्चीतून ते बीजिंगला जाऊन आले. १६ डिसेंबर १९९३ रोजी, सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असतानाच, पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आरोपीच्या मृत्यूमुळे त्यांच्यापुरता खटला संपला. सहआरोपींच्या अपिलावर १९९५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने लाचेचा व्यवहार घडल्याचे मान्य केले.

वारसा आणि हिशेब

तनाकांच्या गटातून पुढे पाच पंतप्रधान निघाले : ताकेशिता, होसोकावा, हाता, हाशिमोतो आणि ओबुची. २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले शिगेरू इशिबा हेही तनाकांच्याच सल्ल्याने राजकारणात आलेले. पण तनाकांची व्यवस्था मोडली ती फुकुदांच्या एका शिष्याने. तरुणपणी फुकुदांचे सचिव असलेले जुनिचिरो कोइझुमी २००१ मध्ये पंतप्रधान झाले. तेव्हा तनाकांच्या कन्या माकिको यांनी त्यांचा जोरदार प्रचार केला आणि त्या परराष्ट्रमंत्री झाल्या, पण जानेवारी २००२ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. रस्त्यांवरचा खर्च आणि टपाल खाते ही कोइझुमींची दोन लक्ष्ये होती. टपाल खात्याच्या खासगीकरणाच्या प्रश्नावर त्यांनी २००५ मध्ये निवडणूक घेतली आणि २९६ जागा जिंकल्या. पोस्टमास्तर, ठेकेदार आणि गट यांचे तनाकांनी उभे केलेले जाळे त्या निकालाने खिळखिळे झाले. १९९४ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ आल्यापासून गटांची पकड तशीही सैल होऊ लागली होती.

त्यानंतर मात्र जपानमध्ये तनाकांची आठवण पुन्हा जागी झाली. एकेकाळी त्यांच्यावर कठोर टीका करणारे शिंतारो इशिहारा यांनी २०१६ मध्ये तनाकांच्या तोंडून आत्मकथन वदवणारी कादंबरी लिहिली आणि ती प्रचंड खपली. बाजाराच्या भरवशावर सोडलेल्या प्रांतांना, आपल्यासाठी कोणीतरी मंत्रालयात भांडत होते, याची आठवण हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२४ मध्ये मेजिरोचे ते निवासस्थान आगीत भस्मसात झाले, तेव्हा ती देशभर मोठी बातमी ठरली.

या आठवणीला एक आकडा मात्र छेद देतो. माणसांनी गाव सोडू नये, हे तनाकांच्या राजकारणाचे मूळ वचन. निगाता प्रांताची लोकसंख्या १९९५ च्या जनगणनेत २४ लाख ८८ हजारांच्या आसपास होती. २०२० मध्ये ती सुमारे २२ लाखांवर आली. ज्या रेल्वेने राजधानी जवळ आणली, तिनेच तरुणांना राजधानीत नेले. बांधकामाने हिवाळ्याचा रोजगार दिला, पण बांधकाम थांबल्यावर टिकेल असा उद्योग फारसा उभा केला नाही. १९७४ मध्ये तनाका सरकारने वीजप्रकल्प स्वीकारणाऱ्या गावांना अनुदान देणारे कायदे केले. त्यांच्या जन्मगावाजवळ काशिवाझाकी-कारिवा हा जगातील सर्वांत मोठ्या क्षमतेचा अणुवीज प्रकल्प उभा राहिला आणि फुकुशिमाच्या २०११ च्या दुर्घटनेनंतर तो दहा वर्षांहून अधिक काळ बंद राहिला. राजधानीकडून पैसा आणता येतो. पण तो आणणाऱ्या माणसावर आणि देणाऱ्या खात्यावर प्रदेश कायमचा अवलंबून राहतो.

न्यायालयाचा कौल आणि निगाताचा कौल यांची सांगड येथे लागते. बर्फात अडकलेल्या गावाला रस्ता मिळणे हा त्याचा हक्क होता. ज्या राज्यव्यवस्थेत तो हक्क नियमाने मिळत नाही, तेथे तो मिळवून देणारा मध्यस्थ जन्माला येतो. मध्यस्थाला यंत्रणा चालवायला पैसा लागतो आणि तो पैसा कधी जमिनीच्या सौद्यातून येतो, तर कधी विमानांच्या. ताचिबानांनी त्या पैशाची वाट कागदोपत्री दाखवली. मतदारांनी त्या पैशाने झालेला रस्ता दाखवला. खात्यातील ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गावाचा साधा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला आणि मेजिरोहून दूरध्वनी येताच एका दिवसात मंजूर झाला, त्याचे नाव मात्र दोन्ही निकालपत्रांत कोठेही नव्हते.